वाणीचे वाटप

(मुंबई उपनगरांतील मराठी शाळांच्या शिक्षक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

उपनगरातील कोणत्याही मराठी शाळेत स्नेहसंमेलनाच्या दिवसांत गेले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. वक्तृत्व स्पर्धा चालू असते. सहावीतील एक मुलगी व्यासपीठावर येते, अध्यक्षमहाराज आणि गुरुजनवर्ग ह्यांना वंदन करते आणि पर्यावरणाच्या रक्षणावर चार मिनिटे न अडखळता बोलते. ठरलेल्या वाक्याला हात वर जातो, ठरलेल्या वाक्याला आवाज चढतो. टाळ्या पडतात. एखादा परीक्षक कौतुकाने विचारतो, "तुझ्या घराजवळ झाडं आहेत का ग? कोण तोडतं ती?" मुलगी गप्प होते. तिची नजर बाईंना शोधू लागते. भाषण बाईंनी लिहिलेले असते आणि वडिलांनी पाठ करून घेतलेले असते. त्यातील एकही वाक्य तिचे नसते. ढाल मात्र तिलाच मिळते.

त्याच शाळेत मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा असतो. संध्याकाळी स्टेशनरोडवर तो आईच्या भाजीच्या टोपलीपाशी बसतो. गिऱ्हाइकाशी भाव ठरवतो, उधारीचा हिशेब तोंडी सांगतो, महापालिकेची गाडी आली की आईची बाजू घेऊन तिथल्या माणसांशी हुज्जत घालतो. युक्तिवाद म्हणजे काय, हे त्या वर्गात त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. परंतु तो 'पाणी'ला 'पानी' म्हणतो. सबब वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याचे नाव कोणी सुचवीत नाही, आणि त्यालाही ते सुचत नाही.

आपल्या शाळांतील वक्तृत्व, वादविवाद आणि नाट्य ह्या तीनही शिक्षणांची आजची अवस्था ह्या दोन मुलांत सामावलेली आहे. जिला व्यासपीठ मिळाले तिला स्वतःचे बोलणे मिळाले नाही, आणि ज्याच्यापाशी बोलणे होते त्याला व्यासपीठ मिळाले नाही. प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा एवढाच आहे की, बोलण्याचे शिक्षण हा गुणवंतांचा अलंकार नव्हे. ते नागरिकाचे हत्यार आहे, आणि ज्याला त्याची गरज सर्वाधिक, त्याच्याच वाट्याला ते सर्वांत कमी येत आहे. प्रश्न कलेचा आहे तसाच वाटपाचाही आहे.

बोलण्याला आज बाजारभाव आला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर एके काळी कारखान्यांचे भोंगे होत. आज त्या जागांपैकी कितीतरी ठिकाणी निवासी मनोरे, मॉल आणि कचेऱ्या आहेत. अंधेरीच्या पूर्वेला सांताक्रूझ निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९७३ मध्ये सुरू झाले, आणि पुढे त्या परिसरात संगणकाच्या उद्योगाने जम बसविला. यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराला हात हवे होते. सेवाक्षेत्राला हातांबरोबर जीभही हवी असते. म्हणूनच अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिकवण्या निघाल्या आहेत. तेथे मुलाखत कशी द्यावी, ग्राहकाचे मन कसे वळवावे, हसून कसे बोलावे हे पैसे घेऊन शिकविले जाते.

ही विद्या निरुपयोगी नाही. तिच्यावर पोट भरणाऱ्या तरुणांची चेष्टा करण्याचाही कोणाला अधिकार नाही. परंतु ती विद्या मालकाच्या वतीने बोलण्याची आहे. स्वतःच्या वतीने आणि शेजाऱ्याच्या वतीने बोलण्याची विद्या वेगळी. पहिलीचा लाभ विकत घेणाऱ्याला होतो. म्हणून तिला बाजार आहे. दुसरीचा लाभ सबंध वस्तीला होतो. म्हणून तिला गिऱ्हाईक नाही. एका माणसाने धीटपणे प्रश्न विचारला आणि नळाला पाणी आले, तर ते पाणी न विचारणाऱ्यालाही मिळते. ज्या वस्तूचा लाभ असा सर्वांना होतो ती बाजार पुरेशी निर्माण करीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. ती समाजाने निर्माण करावयाची असते, आणि त्यासाठी समाजापाशी शाळेसारखे दुसरे साधन नाही.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन ह्यांनी १९७० साली 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हा छोटा परंतु फार मोलाचा ग्रंथ लिहिला. कोणतीही संस्था खालावू लागली की तिच्या लोकांपुढे दोन मार्ग असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एक, तिला सोडून जाणे. दुसरा, तेथेच राहून आवाज उठविणे. शाळांच्या बाबतीत त्यांनी दाखविलेला धोका आपल्या उपनगरांना तंतोतंत लागू पडतो. शाळेचा दर्जा घसरला की गुणवत्तेविषयी सर्वाधिक जागरूक असलेले पालक प्रथम बाहेर पडतात. म्हणजे जे तक्रार करू शकले असते, तेच निघून जातात. मागे राहतात ती ज्यांना जाणे परवडत नाही अशी माणसे, आणि बोलणे त्यांना कोणी शिकविलेले नसते. शाळा अधिकच घसरते आणि कोणाचा ब्रही निघत नाही.

मुंबईतील महापालिकेच्या मराठी शाळांची कहाणी याहून फारशी निराळी नाही. मध्यमवर्ग तेथून केव्हाच निघून गेला. पट घटला, तुकड्या मिटल्या, शाळा एकमेकींत विलीन झाल्या किंवा बंद पडल्या. गेलेल्यांना परत आणणे आज कोणाच्या हाती नाही. परंतु जे राहिले आहेत त्यांना आवाज देणे शिक्षकांच्या हाती निश्चित आहे. ज्यांच्यापुढे निघून जाण्याचा मार्ग नाही, त्यांना बोलण्याचा मार्ग तरी मोकळा हवा. नाही तर शाळा त्यांना फक्त मुकाट राहण्याचे शिक्षण देते, असे म्हणावे लागेल.

शिक्षण आणि वाणी ह्यांचा हा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी मुंबईत एक साहित्य व शास्त्र सभा काढली. निबंध वाचावे, त्यांवर चर्चा करावी, एवढाच तिचा आरंभीचा उद्देश होता. परंतु बोलता बोलता त्या तरुणांना कृतीची गरज भासू लागली आणि दुसऱ्याच वर्षी, १८४९ मध्ये, त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्या मंडळींत दादाभाई नौरोजी होते. हिंदुस्थानच्या संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो, हा त्यांचा सिद्धांत जगापुढे प्रथम आला तोही १८६७ मध्ये लंडनच्या एका सभेत वाचलेल्या निबंधाच्या रूपाने. न्यायमूर्ती रानड्यांचे भारतीय अर्थशास्त्रावरील प्रसिद्ध विवेचन म्हणजे १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेले व्याख्यानच होय. आपले अर्थशास्त्र क्रमिक पुस्तकांत शिरण्यापूर्वी सभांतून बोलले गेले, ह्याचा विसर पडू नये.

ही झाली प्रतिष्ठितांची परंपरा. तिच्याहून महत्त्वाची गोष्ट पुण्यात घडली. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई ह्या मांग समाजातील मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. वेद आमचे नाहीत असे सांगितले जाते, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल तिने त्यात केला. हा निबंध पाठ करवून घेतलेला नव्हता. थोड्याच वर्षांच्या शिक्षणाने एका मुलीला अक्षरांबरोबर प्रश्न विचारण्याची हिंमतही दिली होती. शाळेचे यश कशात मोजावे, ह्याचे ते माप आहे.

त्याच समाजात १९२० साली वाटेगावी जन्मलेल्या अण्णाभाऊ साठ्यांना शाळेने जवळजवळ काहीच दिले नाही. दीड दिवसाची शाळा, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. मुंबईत येऊन ते स्वतःच वाचायला शिकले. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, आणि तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन गिरणगावातील श्रोत्यांपुढे त्यांचेच जीवन मांडले. 'फकिरा'चा हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत होता. दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करण्याचा मान १९५८ मध्ये त्यांना मिळाला. अण्णाभाऊ शाळेवाचून घडले ही गोष्ट शाळेला भूषणावह नाही. चिरागनगरच्या आजच्या मुलांपैकी अण्णाभाऊंच्या तोलाची प्रतिभा कितींपाशी आहे हे कोणी सांगू शकत नाही, कारण ती मुले बोलतील अशी जागाच त्यांना मिळत नाही.

१९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने ही जागा काही काळ निर्माण केली होती. दलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे ह्यांच्यासारखी मंडळी होती. पार्ल्याच्या टिळक विद्यालयात शिकलेल्या पु. ल. देशपांड्यांनी कलापथकासाठी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिले. आणि पुण्याच्या ह्याच कलापथकात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले आले, केशकर्तनाचा पिढीजात व्यवसाय असलेले राम नगरकर आले. पुढे ते मोठे नट झाले ही आनुषंगिक गोष्ट. माळ्याला आणि न्हाव्याला रंगमंचावर उभे राहून पुढाऱ्याची टिंगल करता येते, हे प्रेक्षकांतील माळ्यांनी आणि न्हाव्यांनी पाहिले. खरे लोकशिक्षण ते होते.

उपनगरांपुरते बोलावयाचे, तर ह्या परंपरेचे सर्वांत जवळचे उदाहरण गोरेगावचे आहे. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या मृणाल गोरे ह्यांनी तेथील बायकांचा पाण्याचा प्रश्न हाती घेतला. गोरेगाव तेव्हा ग्रामपंचायतीचे गाव होते. बोरिवली-मुलुंडपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली ती १९५७ मध्ये. मृणालताई १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत. परंतु त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव मिळाले ते सभागृहातील भाषणांमुळे नव्हे. हंडा घेऊन मोर्च्यात आलेली बाई अधिकाऱ्यापुढे उभी राहून स्वतःच बोलू लागली, ह्यात त्यांचे यश होते. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात अहिल्या रांगणेकर आणि मृणालताई ह्यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन आणि थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरातील वस्तूंना सार्वजनिक अर्थ देणे हे उत्तम नाट्य नव्हे तर काय?

येथे एक सावधगिरीही बाळगावयास हवी. बोलता येणे म्हणजे आपोआप सज्जन होणे नव्हे. विसाव्या शतकातील हुकूमशहा वक्तृत्वात कमी नव्हते. नाट्याच्या आणि वादाच्या रूपाचाही दुरुपयोग होतो, आणि ह्याचे मराठीतील सर्वांत भेदक दर्शन पार्ल्याशी जोडलेले आहे. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यास निघालेल्या हौशी मंडळींची विजय तेंडुलकरांशी गाठ पडली आणि त्यांतून 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक त्यांना सुचले. १९६७ मध्ये ते रंगमंचावर आले. त्यात सारेच वाक्पटू आहेत. आरोप, साक्ष, उलटतपासणी, युक्तिवाद, सर्व रीतसर चालते. आणि त्या रीतीखाली लीला बेणारे ह्या शाळेतील बाईंची शिकार होते. शेवटी त्यांना बोलण्यास वेळ दिला जातो. त्या बोलतातही, परंतु त्या वेळी न्यायालय निश्चल आहे. त्यांचे बोलणे कोणाच्या कानी जात नाही. ऐकणे ज्याने शिकविले नाही त्याने बोलणे शिकविले, तर काय होते, हे तेंडुलकरांनी दाखवून ठेवले आहे.

म्हणून ह्या तीन विद्या एकत्रच शिकवाव्या लागतात. भाषण मुलाला सांगते की, तुझ्यापाशी सांगण्यासारखे काही आहे. वादविवाद सांगतो की, दुसऱ्यापाशीही आहे, आणि ते ऐकल्यावाचून तुला उत्तर देता येणार नाही. नाटक त्यापुढे जाते. ते त्याला दुसऱ्याच्या जागी उभे करते. सावकाराची भूमिका करणाऱ्या मुलाला सावकाराचे म्हणणे समजावे लागते. मुलगा आईची भूमिका करतो, तेव्हा पाण्याच्या रांगेतील दोन तास त्याला प्रथमच मोजावे लागतात. शिवाय नाटक एकट्याने होत नाही. पडदा ओढणारा चुकला तर नायक काही करू शकत नाही. श्रमविभागणीचा याहून चांगला पाठ अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही.

शिक्षकांचा पहिला आक्षेप वेळेचा असतो, आणि तो खोटा नाही. जनगणना, निवडणुका, माहितीचे तक्ते ह्यांतून शिकविण्यास वेळ उरतो किती? परंतु हिशेब करून पाहावा. वर्गात चाळीस मुले आहेत आणि प्रत्येकाला तीन मिनिटे दिली, तर एकशेवीस मिनिटे लागतात, म्हणजे चार तासिकांहून कमी. महिन्यातून चार तासिका भाषेच्या वेळापत्रकातून काढणे अशक्य नाही. तो वेळ भाषेचाच आहे. ढाल जिंकणाऱ्या एका मुलीच्या तयारीवर आज याहून अधिक वेळ खर्च होतो.

दुसरा आक्षेप पालकांचा: आमच्या मुलाला इंग्रजी बोलता आले पाहिजे. जरूर आले पाहिजे. परंतु ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत चार वाक्यांचा मुद्दा मांडता येत नाही, तो परक्या भाषेत फक्त पाठ केलेलीच वाक्ये बोलतो. विचार मांडण्याची सवय एका भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेत नेता येते.

मग करावे काय? काही गोष्टी अगदी साध्या आहेत. भाषण स्पर्धेसाठी निवडलेल्यांचे नको, वर्गातील प्रत्येकाचे असावे. ते लिहून दिलेले नसावे, आणि प्रत्येक भाषणानंतर वर्गाने निदान एक प्रश्न विचारावा. गुण द्यावयाचे असतील तर उत्तराला द्यावे आणि प्रश्नालाही द्यावे. 'न' आणि 'ण' ह्यांचा हिशेब मुद्दा मांडून झाल्यावर करावा, आधी नव्हे. प्रमाणभाषा ही पुढे मिळवावयाची गोष्ट आहे, व्यासपीठावर चढण्याचे तिकीट नव्हे. वादविवादात बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवावी आणि अर्ध्या वेळाने बदलावी. विषय 'विज्ञान शाप की वरदान' असा हवेतला नसावा. स्टेशनबाहेरचे फेरीवाले असावेत की नसावेत, ह्यावर फेरीवाल्यांची आणि चाकरमान्यांची मुले एकाच वर्गात बोलू शकतील. नाटुकले मुलांनीच आपल्या वस्तीतून उभे करावे. त्यात मुलींना मुलींचीच कामे आणि काळ्या मुलाला चोराचेच काम, ही वाटणी मोडावी.

जागेचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे कालिदास ही नाट्यगृहे महापालिकेची आहेत आणि महापालिकेच्या शाळाही तिच्याच. प्रयोग नसलेल्या काही सकाळी त्या त्या भागातील शाळांना विनाशुल्क मिळाव्या, अशी मागणी शिक्षकांनी आणि पालकांनी एकत्र येऊन करावी. नगरातील सर्वोत्तम रंगमंचावर महापालिकेच्या शाळेतील मूल कधीच उभे राहू नये, असा काही नियम नाही.

ही मागणी म्हणजे याचना नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाला भीतीपासून मुक्त करणे आणि त्याला आपली मते मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे, हे अभ्यासक्रम ठरविताना ध्यानात घ्यावयाचे तत्त्व म्हणून नमूद आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन चतुर्थांश आणि स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या. कायद्याने आईला खुर्ची दिली. परंतु त्या खुर्चीत बसून बोलण्याचा धीर कायदा देऊ शकत नाही. तो लहानपणी वर्गातच यावा लागतो.

मित्रहो, शेवटी एका सभेची आठवण करून द्यावयाची आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९५ पासून मुंबईत राबविली जात आहे, आणि उपनगरांतील असंख्य वस्त्यांत अशी सभा भरत आली आहे. विकासकाचा माणूस नकाशा भिंतीवर लावतो, सफाईने बोलतो आणि अखेरीस विचारतो, "कोणाला काही शंका?" मनात शंका पुष्कळांच्या असतात. भाडे किती महिने मिळणार, इमारत केव्हा उभी राहणार, कागदावर लिहून कोण देणार? परंतु सर्वजण एकमेकांकडे पाहतात. क्षणभर शांतता पसरते, आणि ती शांतता संमती म्हणून नोंदली जाते.

त्या शांततेत कोणी एकाने उभे राहावे लागते. आज तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला, 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा तो मुलगा वीस वर्षांनी त्या सभेत बसलेला असेल. तो उभा राहील की मान खाली घालील, ह्याचा बराचसा निर्णय ह्या वर्षी, तुमच्या वर्गात, त्याला मिळणाऱ्या तीन मिनिटांत व्हावयाचा आहे.